संत्र्याचं चोविसावं पान

टायटसविल, ४ मार्च

चि. डेल्मर यास अनेक आशीर्वाद.

आपली संत्री पोचली. आज सकाळी यान अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं. नियंत्रण कक्षातून रॅमोनाने, माझ्या साहेबीणबाईंनी, स्वतः सांगितलं. चारशे किलोमीटर वर, रे! बाबांच्या बागेतली फळं.

आता माझा पराक्रम ऐक. भेटीच्या फळाला एक पान ठेवायचं, ही बाबांची रीत तू पाळलीस. पण यानात पानाला बंदी, बुरशीची भीती. पिशवी भरताना मी पानं खुडून खिशात टाकली. उड्डाणानंतर घरी मोजली, तर तेवीस. संत्री चोवीस! बारा वर्षं सामान भरतेय, आणि चुकले ते घरच्याच फळांत. लगेच रॅमोनाला कळवलं. तिने कपाळाला हात लावला. पिशवी तूर्त बंद आहे. उघडायची की फेकायची, ते अंतराळवीरांचे डॉक्टर शनिवारी ठरवतील.

रागावलास तरी चार ओळी लिही.

तुझी ओपल

फ्रॉस्टप्रूफ, ६ मार्च

ती. ओपलताई, सा. न.

पानं मी स्वतः मोजली होती, चोवीसच. म्हणजे एक वरच आहे. लहानपणी तू माझ्या शर्टाची बटणं खालीवर लावायचीस, तेव्हाच आईला म्हणालो होतो, हिच्या हाती मोठं काम देऊ नका.

सोमवारी बाग पाडायला बुलडोझर येतोय. रोगाने एक झाड सोडलं नाही. ती चोवीस शेवटची, ताई. फेकली असं मला ऐकवू नकोस.

काल संध्याकाळी शिडीवर चढून स्थानक पाहिलं. आवाज नाही, लुकलुक नाही. एक ठिपका शांतपणे बागेवरून गेला. दीड तासात पृथ्वीला फेरी! बाबा जन्मात शेजारच्या जॉर्जिया राज्यापलीकडे गेले नाहीत. माझ्या हाताने आपोआप टोपी काढली.

बटणं विसरलेलो नाही, मायाही नाही.

तुझा डेल्मर

टायटसविल, ८ मार्च

चि. डेल्मर यास आशीर्वाद.

फेकत नाहीत! डॉक्टरांचा निर्णय रॅमोनाने आत्ताच फोनवर वाचून दाखवला. उद्या पिशवी उघडायची, फळं तपासून, पुसून खायची. पान पाकिटात बंद करून याच यानातून परत. मला मात्र लेखी ताकीद, आणि घरची फळं यापुढे दुसऱ्याने भरायची. बरोबरच आहे.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मीही तिथेच असेन. झाडं पडताना तू एकटा उभा राहायचं नाहीस.

एप्रिलमध्ये यान समुद्रात उतरेल. तोवर त्या पानाच्या पृथ्वीभोवती पाचशेवर फेऱ्या झालेल्या असतील. सामान मोकळं करायला मी आहेच. त्या दिवशी तू इकडे ये. या वेळी मोजणी तुझ्याकडे, पान एकच आहे.

तुझीच, ओपल