लॉन्ड्रीच्या वर स्वतंत्र वकिली

३ मार्च
राजीनामा दिला. माझी सविस्तर नोटीस पार्टनरबाईंनी अर्ध्या पानावर आणली. वर म्हणाल्या, अशिलाला वाचताना झोप यायला नको. माझ्यासारखा वकील फर्मला पुन्हा मिळणार नाही, हे त्यांना सुनावणारच होतो. त्या फोनवर होत्या.

४ मार्च
बायकोने विचारलं, अशील कुठून येणार? म्हटलं, सगळे माझ्या मागे येतील. बेकरीवाले, गोदामवाले, सारखं मृत्युपत्र बदलणाऱ्या आजी. ती म्हणाली, बरं. तिचं ‘बरं’ मला कधीच आवडलेलं नाही.

१० मार्च
लॉन्ड्रीच्या वरची खोली भाड्याने घेतली. खालून वाफ येते. उबदार वाटतं. संकल्प: रोज नऊला हजर.

११ मार्च
पावणेअकराला पोचलो. मालक मीच, विचारणार कोण?

१९ मार्च
आजी रस्त्यात भेटल्या. मृत्युपत्र पुन्हा बदललं, जुन्याच ऑफिसात. तिथे लिफ्ट आहे म्हणे. लिफ्टच्या मोहात पडणारे अशील मला नकोच होते.

२४ मार्च, दुपारी
अशील आला! खालचा लॉन्ड्रीवालाच, माझा घरमालक. धाकटा भाऊ रुसलाय, वेगळं व्हायचं म्हणतो. दुकान दोघांचं. म्हटलं, निर्धास्त राहा, त्याला पळता भुई थोडी करतो. तो म्हणाला, पळवायचं नाही साहेब, परत आणायचंय. आपल्याला काय हवंय हे अशिलांना कळत नसतं.

२८ मार्च
नोटीस रवाना. अकरा पानं. एक शब्द कापू दिला नाही. कापणारं कुणी नव्हतंच.

२ एप्रिल
धाकटा माझ्याच जुन्या फर्ममध्ये गेला. केस माझ्या ज्युनियरकडे. बिचारी. लॉन्ड्रीवाला सांगत होता, नोटीस वाचल्यापासून आई धड जेवत नाही. त्याला समजावलं, या प्रकरणात आई पक्षकार नाही.

५ एप्रिल
ज्युनियरचा फोन. म्हणाली, सर, त्याला हिस्सा नकोच आहे. आठवड्याला एक सुट्टी हवी, आणि दादाने गिऱ्हाइकांसमोर ओरडू नये, एवढंच. मी ठणकावलं, लेखी द्या, माझ्या अशिलाला विचारतो. ती म्हणाली, ते इथेच आहेत, भावाला धरून रडतायत, जरा थांबा.
थांबलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

८ एप्रिल
समझोता माझ्या अकरा पानांच्या धाकानेच झाला. लॉन्ड्रीवाला वर आला. वाटलं, आभार मानायला. म्हणाला, धाकट्याला इस्त्रीचं टेबल मांडायचंय, खोली महिनाअखेर सोडा. काळा कोट मात्र फुकट धुऊन दिला. म्हणजे मनातून मानतो.

१५ एप्रिल
पार्टनरबाईंना स्पष्ट सांगितलं, परत येईन, पण माझ्या अटींवर. स्वतंत्र केबिन. नोटिशीला कात्री नाही. ज्युनियर माझ्या हाताखाली. बाईंनी एकदाही मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. याला म्हणतात दरारा.
उद्यापासून रुजू. ज्युनियर आणि मी एकाच केबिनमध्ये बसणार. केबिन तिची आहे.