आत्याचं कार्ड

बाबा,

मागच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. आमच्या चर्चची एक पुस्तिका निघते आहे, नोकरीधंद्यात राहून विश्वास जपलेल्या माणसांवर, आणि तुमच्याबद्दल मी पानभर लिहावं असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. तीन दिवस कागद समोर घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की चांगलं काही लिहिताना माझा हात अडतो आणि वाईट मात्र न थांबता लिहिता येईल. तर ते तुम्हालाच लिहिते. तुम्हाला जाऊन अडतीस वर्षं झाली. आता तुम्हाला माझं बोलणं मध्येच तोडून ‘चला, प्रार्थना करू’ म्हणता येणार नाही.

लोकांना तुम्ही कसे आठवता ते मला ठाऊक आहे. लाखनीला हायवेवरच्या बिडी कारखान्यातले चेकर, वस्तीतलं एकुलतं एक ख्रिस्ती घर, पांढरा लेंगा-सदरा, जुनी सायकल. तरुणपणी छातीच्या आजारानं मिशनच्या दवाखान्यात आठ महिने पडून होता, तिथून बरे होऊन निघालात ते बाप्तिस्मा घेऊनच, आणि एकोडीला, आपल्या मूळ गावी, भावांनी तुम्हाला ओसरीवरूनच परत पाठवलं. त्यानंतर आयुष्यभर जे काही केलंत ते त्या ओसरीला दाखवण्यासाठी केलंत असं मला वाटतं. कारखान्याच्या पडवीत रोज सकाळी बायांची रांग लागायची. घरी वळलेल्या बिड्या, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून, टोपलीत घालून त्या आणायच्या आणि तुम्ही ठेंगण्या मेजामागे बसून एकेक कट्टा तपासायचात. सैल, फाटकी, तोंड नीट न मुडपलेली बिडी बाजूच्या पत्र्याच्या डब्यात जायची. तिला छाट म्हणत, आणि जितकी छाट निघेल तितक्या बिड्या बाईनं पुन्हा वळून द्यायच्या. दुसरे चेकर मुठीमुठीनं छाट काढत, वर दोन कट्टे स्वतःसाठी ठेवून घेत, एखादीचा हातही धरत. तुम्ही कधी एक बिडी उचलली नाहीत, कुणा बाईकडे मान वर करून पाहिलं नाहीत. काम सुरू करण्याआधी हात धुऊन डोळे मिटायचात, तेवढा वेळ सगळी रांग गप्प उभी राहायची. ‘ख्रिस्तीबाबू फुकट छाट नाही मारत जी,’ बाया म्हणायच्या. हे सगळं खरं आहे. पाळकसाहेबांना हेच हवं असणार.

पण ज्या वर्षी कारखान्याच्या शेठनं कीड लागलेला तेंदूपत्ता वाटला, त्या वर्षीही तुम्ही तितक्याच प्रामाणिकपणे छाट काढत राहिलात. भोकं पडलेल्या पानाची बिडी धड होत नाही हे तुम्हाला कळत होतं, आपली आईसुद्धा तोच पत्ता मांडीवर घेऊन वळत होती. आणि ती छाट संध्याकाळी चांगल्या बिड्यांबरोबरच भट्टीत शेकली जाऊन त्याच ट्रकमध्ये चढायची, हेही तुमच्या डोळ्यांसमोर होत होतं. आईनं एकदा चुलीपुढून विचारलं, ‘शेठले काहून नाही बोलत तुमी?’ तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, ‘तो त्याचा जबाब देईन. मले माह्या हातांचं विचारतीन.’ तुमचे हात फार स्वच्छ होते, बाबा. शेठला असाच माणूस हवा होता. दुसऱ्या कुणी छाट काढली की बाया भांडत, तुम्ही काढली की मुकाट घरी जाऊन पुन्हा वळत. तुम्ही देवाची चाकरी समजून जे करत होतात त्याचा फायदा कोणाला होत होता, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाच नाही.

एकोडीच्या सगळ्या गोतावळ्यात तुम्हाला धरून राहिली ती एकटी आत्या. नवऱ्यानं टाकल्यावर भावांच्या घरी राबत होती, आणि ‘त्या बाटग्याच्या घरी जायचं नाही’ असं त्यांनी बजावल्यावर ती दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन लाखनीलाच आली. हायवेच्या दुकानांमागे एक खोली घेतली, पत्ता-तंबाखू मिळण्यासाठी कारखान्याचं कार्ड काढलं आणि बिड्या वळू लागली. देव तिनं बदलला नाही. तिच्या खोलीत कोनाड्यात तिचा मारुती होता, आणि आपल्या घरी नाताळच्या करंज्या लाटायलाही तीच असायची. मला तिचं घर आपल्या घरापेक्षा जास्त आवडायचं, कारण तिथे मोठ्यानं हसलं तर कोणी पाहायचं नाही. सातवीची परीक्षा देऊन मी उन्हाळाभर तिच्याकडेच पडून होते. ती सुपात तंबाखू घेऊन बसते आहे, कैचीनं पान कापते आहे, बोटांत बिडी फिरवता फिरवता मला एकोडीच्या तलावातल्या मासोळीच्या गोष्टी सांगते आहे. मी शेजारी बसून वळायला शिकते आहे आणि माझी प्रत्येक बिडी ढिली होते आहे.

त्याच उन्हाळ्यात तिला ताप भरला. दोन दिवस ती उठू शकली नाही, आणि कार्डावरची बाई सलग गैरहजर राहिली की शेठ ते कार्ड दुसरीला देत असे. म्हणून मीच वळत बसले. दीड दिवसात ढीग झाला, पण त्यातल्या निम्म्या बिड्या तुमच्या मेजावर टिकणाऱ्या नव्हत्या हे मला, तुमच्या मुलीला, चांगलं समजत होतं. रांगेतल्या बायांकडून ऐकलेली एक युक्ती मी केली. आत्याच्या आधीच्या चांगल्या बिड्या कट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला लावल्या, माझ्या ढिल्या आत दडवल्या आणि धागा घट्ट बांधला. तिला सांगितलं नाही. ताप उतरल्यावर ती उठली, तयार कट्टे पाहून माझ्या गालाला हात लावून म्हणाली, ‘माय व, कायच्या काय शिकली माही पोरगी!’ आणि टोपली माझ्या हातात देऊन भिंतीला धरत धरत माझ्याबरोबर कारखान्यात आली.

पुढचं तुम्हाला आठवत असेल, पण मेजाच्या त्या बाजूनं. या बाजूनं कसं होतं ते सांगते. तुम्ही पहिला कट्टा कानाशी नेऊन बोटांनी दाबला आणि थांबलात. धागा सोडलात. बिड्या मेजावर पसरल्या, बाहेरच्या एका बाजूला, आतल्या दुसऱ्या. दुसरा कट्टा सोडला, तिसरा सोडला.  साधी छाट वेगळी आणि आत दडवलेली छाट वेगळी, ती चोरी, तिच्यासाठी कार्ड जातं, हा नियम तिथल्या प्रत्येक बाईला पाठ होता.

‘बाई, हे कट्टे तूनच बांधले का?’ तुम्ही विचारलंत.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. माझ्या हातात टोपली होती, आणि मी ती छातीशी कशी आवळून धरली होती हे तिला दिसलं असणार. मग ती तुमच्याकडे वळली.

‘हो दादा. मीनंच बांधले.’

‘तुले मालूम हाय ना याचं काय होते ते?’

‘मालूम हाय.’

मागून कोणीतरी बाई म्हणाली, ‘बाबूजी, तापातून उठली हाय जी ते. अन् बहीण हाय तुमची.’

तुम्ही म्हणालात, ‘म्हणूनच.’

त्या एका शब्दासाठी मी तुम्हाला आजवर माफ केलेलं नाही. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तुम्ही कदाचित घरी बोलावून विचारलं असतं, ताप पाहिला असता, एक संधी दिली असती. बहीण होती म्हणून तुम्हाला तिथे, सगळ्यांसमोर, शेठच्या खोलीचं दार उघडं असताना न्याय करायचा होता. तुम्ही तिचं कार्ड उचलून आत नेऊन दिलंत आणि परत येऊन, हात धुऊन, पुढच्या बाईचा कट्टा घेतलात. आणि मी? मी टोपली धरून उभी होते.  बारा वर्षांची होते, हे कारण मी पुष्कळ वर्षं वापरलं.

त्या संध्याकाळी जेवणाआधी तुम्ही प्रार्थनेत देवाचे आभार मानलेत, परीक्षेच्या घडीला त्यानं तुम्हाला सांभाळलं म्हणून. आमेन म्हणायच्या आधीच आईनं पळी खाली ठेवली. ‘बहिणीचं पोट मारलं अन् देवाचे आभार मानून राहिले? कोणता देव हाय हा?’ ती इतकं कधीच बोलली नव्हती. तुम्ही डोळे उघडले नाहीत. प्रार्थना पूर्ण केलीत आणि जेवलात. दिवाळीला शेठनं सगळ्या कामगारांपुढे तुमच्या गळ्यात हार घातला, तोही तुम्ही मान खाली घालून घेतलात.

आत्याला आसपासच्या कुठल्याच कारखान्यानं घेतलं नाही, चोरीचं नाव लागलं होतं. दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणीला गेली, रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला गेली. नाताळात तुम्ही माझ्याकरवी तिला हिरवं लुगडं पाठवलंत. तिनं ते उलगडून पाहिलं, काठावरून हात फिरवला, पुन्हा घडी केली आणि माझ्या हातात ठेवलं. ‘तुह्या बापाले सांगजो, चोट्टीले लुगडं देत नसतेत.’ मी रडायला लागले. म्हटलं, आत्या, मी घरी सगळं सांगून टाकते. तिनं माझं तोंड पुसलं. ‘आता नोको सांगू. तुह्या बापाचा देव लय कडक हाय, तुले जगू नाही देईन.’ फेब्रुवारीत ती दूरच्या नणंदेकडे चिखल्याला निघाली, मँगनीजच्या खाणीवर दगड निवडायचं काम होतं म्हणून. एसटीच्या खिडकीतून माझा हात धरून म्हणाली, ‘मोठी झाली का सांगजो त्याले. बहीण चोट्टी नव्हती, एवढं समजलं पायजे त्याले. मंग येईन तो.’

मी मोठी झाले. भंडाऱ्याला शिकले, शाळेत लागले. कारखाना बंद पडला, शेठनं घरोघरी ठेकेदारांकडून बिड्या वळून घ्यायला सुरुवात केली आणि एवढी वर्षं हार घालून मिरवलेल्या चेकरला एका दुपारी घरी पाठवलं. तुम्ही सायकल ओसरीला टेकवून म्हणालात, ‘मी त्याच्यासाठी थोडीच करत होतो.’ तेव्हा तुमच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्याच्यासाठी नाही, बहिणीसाठी नाही, आईसाठी नाही. मग कोणासाठी केलंत?

पुढे छातीचं दुखणं उलटलं. मी सुट्टीत आले होते, स्वयंपाकघरात तुमच्यासाठी पेज गाळत होते, तुम्ही दाराशी खाटेवर.  मग म्हणालात, ‘माही बहीण चोर नव्हती. मंग तिनं तसं काहून केलं असंन?’ तुम्ही माझ्याकडे पाहतही नव्हता, स्वतःशीच बोलत होता. नऊ वर्षं हा प्रश्न तुम्ही आत बाळगला होता हे मला त्या क्षणी समजलं. सांगायला तीन शब्द पुरले असते. मी म्हटलं, ‘जाऊन तिलेच विचारा ना.’ तुम्ही म्हणालात, ‘कोणत्या तोंडानं जाऊ? नियम खोटा होता असं कसं म्हणू?’ मी पेज तुमच्या हातात दिली आणि बाहेर निघून गेले.

त्या दिवशी मला भीती वाटत नव्हती. मी कमावती होते, तुम्ही मला काही करू शकत नव्हता. मी गप्प राहिले कारण सांगितलं असतं तर तुम्ही उठला असता. त्या छातीसकट बस बदलत चिखल्याला पोचला असता, खाणीच्या चाळीत सगळ्यांसमोर तिचे पाय धरले असते, आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पुन्हा मोठे झाला असता. तेवढं मला तुम्हाला मिळू द्यायचं नव्हतं.

तुमच्या मातीला आत्या आली. बातमी कोणी दिली माहीत नाही. केस पांढरे, बोटांच्या चिरांत खाणीची काळी भुकटी बसलेली. पाळक वाचत होते तेवढा वेळ ती कंपाउंडच्या भिंतीशी पदर घेऊन उभी राहिली. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, ‘सांगितलं होतं ना तून त्याले?’

मी म्हटलं, ‘हो.’

तिनं मान हलवली. खड्ड्यावरच्या ओल्या मातीकडे पाहत राहिली. ‘मंग काहून नाही आला?’

 पुढे ती अकरा वर्षं जगली, मी दर नाताळाला चिखल्याला जाऊन तिला भेटत होते, आणि एकदाही तिला खरं सांगितलं नाही.