बाबांचा कामाचा सदरा

१४ नोव्हेंबर

ती. आईस नमस्कार,

सकाळी टाकी भरली, डबा खाल्ला, दुपारी पाणी तपासलं. तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस.

आज प्रयोगशाळेत कापड रंगवण्याच्या कारखान्यातलं गडद लाल सांडपाणी आलं होतं. त्यात लोखंडी पट्ट्या सोडून वीज दिली की रंग गोळा होतो आणि गाळ होऊन तळाशी बसतो. इतके महिने थोडी तरी गुलाबी झाक उरायचीच. आज उरली नाही. इथला पंप चालवणारे काका बाटली उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, खरं सांगा, नळाचं पाणी भरलंत ना?" सगळे हसले. मीही हसले.

मग सवयीने बाबांना फोन लावायला गेले.

"मी जन्मभर रंग पक्का केला आणि ही पोरगी तो उतरवायचा पगार घेते," असं ते त्यांच्या रंगखात्यात सगळ्यांना सांगायचे. चिडवायचे, पण पाण्याचा रंग कुठवर उतरला ते दर रविवारी विचारायचे. आजचं सांगायचं राहून गेलं.

ताई म्हणाली, तू त्यांचे कपडे धुऊन देऊन टाकणार आहेस. दे, कुणाच्या तरी अंगाला लागतील. फक्त कामाचा सदरा ठेव, आणि बाह्यांवरचे डाग तसेच राहू दे.

तुझा गुडघा कसा आहे? एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा करत नाहीस ना?

इथले सगळे घरी गेले. पट्ट्यांवर गाळ चढलाय, तो ब्रशने घासून काढते आणि निघते.

तुझी,
धाकटी