दिवेलागणीच्या आत

ब्राह्मणपुरी,
३ डिसेंबर २०२३

ति. ललितमामांस चेतनाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे खुशाल आहेत. आमच्याकडे फोन आला की नाना तो स्पीकरवर टाकतात, आणि मेसेज कोणाचाही असो, घरचाच समजून वाचतात. म्हणून टपालपेटीचा आसरा घेतला.

बिझनेस स्कूलसाठी उत्तर युरोपात जायचं माझ्या मनात आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. भिलाकाकांचा मुलगा कॅनडाला गेल्यापासून नानांनाही तालुक्यात कोणी न पाहिलेला देश हवाच होता. पण ते कॉलेज निवडायला बसले ते थेट स्थळ बघायला बसावं तसे. घराणं कसं, माणसं कशी, तिथे आपलं कोण, एवढंच विचारतात. डेन्मार्क नापास, कारण तिथले बडे साहेबसुद्धा सायकलवर कामाला जातात म्हणे, म्हणजे घर बसलेलं दिसतं. स्वीडनमध्ये मुलं प्राध्यापकांना नावाने हाक मारतात, असल्या घरात पोरगी द्यायची नाही. नॉर्वेत मासळी फार. आइसलँडला रेल्वेच नाही. आपल्या खांडबाऱ्यालासुद्धा स्टेशन आहे, मग एवढ्या लांब जाऊन मागे का यायचं, असा त्यांचा सवाल. फिनलंड तेवढं उरलं, कारण त्याच्याविषयी कोणालाच काही माहीत नव्हतं.

मला मात्र पहिल्यापासून तिथलंच कॉलेज हवं होतं. तोडलेली फळं नासू न देता लांबच्या बाजारात पोचवायची कशी, हा विषय ते शिकवतात. आपली पपई थांबत नाही, म्हणून व्यापारी म्हणेल तो भाव नाना मुकाट घेतात. ते बघून मला दर वर्षी रडू येतं. मला हे शिकायचंच आहे, मामा.

आता ऑनलाइन मुलाखत आहे, आणि नाना तिला ‘बघण्याचा कार्यक्रम’ म्हणू लागले आहेत. आई काहीच बोलत नाही. तुम्ही काहीतरी सुचवा. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो स्पीकरवर न घेता वाढवावा.

आपली भाची,
चेतना

नाशिक,
१४ डिसेंबर २०२३

चि. चेतनास अनेक उत्तम आशीर्वाद.

दाजींशी वाद घालू नकोस. माझी स्कूटर घेताना रंगावरून मी एकदा घातला होता. स्कूटर अजून पिवळीच आहे. कार्यक्रम म्हणतात ना, म्हणू देत. तू पपईवर बोलायची तयारी कर, बाकीचं त्यांना बोलू दे.

ताई काही बोलत नाही, हे वाचून मला धीर आला. ती गप्प बसली की समज, तिचं ठरलं आहे. लहानपणी ती गप्प बसली की मी आधीच माझे खेळ आवरून ठेवायचो. नीट जेव, आणि निकाल लागला की याच पेटीतून कळव.

तुझा,
ललितमामा

ब्राह्मणपुरी,
२१ एप्रिल २०२४

रा. रा. ललितराव यांस हेमकांतचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

फोनवर बोललो तर तुमच्या ताई ऐकतात, म्हणून पत्र. तुमचा नि भाचीचा टपाली व्यवहार मला ठाऊक आहे, पोस्टमन आपल्याच भावकीतला आहे.

मुलाखतीला आम्ही सहकुटुंब बसलो होतो. तिकडच्या मॅडमनी मुलीला प्रश्न विचारला की रीतीप्रमाणे उत्तर मी देत होतो. असं बराच वेळ चाललं. मग त्या म्हणाल्या, वडिलांना प्रवेश हवा असल्यास वेगळा अर्ज करावा लागेल. तेव्हा चेतना बोलली. सगळं पपईवर बोलली. मी बागायतदार, पण बरंचसं मलाही नवीन होतं. घरात कोणाला बोललो नाही, पण तुम्हाला सांगतो, ऊर भरून आला.

शेवटी आमच्याकडून काही विचारायचंय का, असं त्यांनी विचारलं. तुळशीपाशी दिवा लागायच्या आत मुलगी घरात, हा आपल्या घरचा आजोबांपासूनचा नियम. मी विचारलं, तास दिवेलागणीच्या आत सुटतात ना? तर म्हणाल्या, हिवाळ्यात अंधार तीनलाच पडतो आणि तास पाचला सुटतात. मी मनातल्या मनात स्थळ मोडलं. पुढे प्रवेश मिळाल्याचं कळलं, तरी मी नाहीच म्हटलं. पोर जेवेना.

तेव्हा तुमच्या ताईंनी तोंड उघडलं. नियम कुठल्या दिव्याचा, तिकडच्या की आपल्या, असं विचारलं. मी ठणकावून सांगितलं, आपल्या तुळशीपुढच्या. तर मग पोर तिकडे खोलीवर पोचल्याचा मेसेज येईपर्यंत मी दिवा लावणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या. आता शब्द गेला तो गेला. ऑगस्टात निघते आहे. कळावे, आणि या पत्राबद्दल ताईंना कळवू नये.

आपला,
हेमकांत

ब्राह्मणपुरी,
९ डिसेंबर २०२४

रा. रा. ललितराव यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमच्या ताईंची तक्रार करायला पत्र लिहीत आहे. तिकडे तास सुटून पोर खोलीवर पोचेपर्यंत आपल्याकडे नऊ होतात. तोवर आमच्या तुळशीपाशी अंधार. सगळ्या आळीतले दिवे लागून जातात, देवळातली आरती होते, आणि आमच्या दारात ठेच लागून माणसं पडतात. लोकांना काय सांगायचं, तुम्हीच सांगा.

माझी बहीण कौसाबाई हिचं ऑपरेशन आहे, म्हणून तुमच्या ताई कालपासून चिंचपाड्याच्या दवाखान्यात तिच्यापाशी आहेत. घरात मी एकटा. मला अडवणारं कोणी नव्हतं. म्हटलं, आज वेळेवर दिवा लावून घराची रीत सरळ करू. वात केली, तेल घातलं, काडेपेटी हातात घेतली. काडी ओढवेना. तसाच पायरीवर बसून राहिलो आणि तुम्हाला लिहायला घेतलं.

आत्ता शेजारचा उखा येऊन गेला. तुळशीपाशी दिवा नाही, घरात कोणी दिसत नाही, म्हणून बिचारा घाबरून सुतक लागलं का विचारत होता. मी त्याला सांगितलं, सुतक नही रे भाऊ, मन्ही पोर आजून घर उनी नही.

लोभ आहेच, असू द्या. मोबाइल वाजला, दिवा लावायला उठतो.

आपला,
हेमकांत