पंख तुमचे

९ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

२६ फेब्रुवारी, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. ही वेळ लिहून ठेव. तेव्हा आमच्या चौकीनं जखमींसाठी तुमच्या तळाकडे हेलिकॉप्टर मागितलं. आपल्या दोन देशांचा करारच तसा आहे, जवान आमचे, पंख तुमचे. दिवस मावळला तरी कोणी फिरकलं नाही. शेवटी सोबत्यांनी झोळी करून तिघांना डोंगरावरून उतरवलं. दोघे वाटेतच गेले. माझा टिल्लू वाचला, पण पाय गुडघ्यापासून कापावा लागला. वेळेत आणला असता तर राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले.

सहाफुटी भाच्याला टिल्लू हे नाव तूच ठेवलंस. तो इथल्या सैन्यात भरती होताना मी रडले, तर मलाच म्हणाला, "आई, सीमेपलीकडे मामाची माणसं आहेत ना." आता भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.

आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदर म्हणायच्या, येतो म्हणून न येणाऱ्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा बरा. तुझे वरिष्ठ कोणत्या शाळेत गेले होते? मी लग्न होऊन या देशात आले, तू तिकडच्या सैन्यात कर्नल आहेस. हुद्दा नुसता मिरवायला नसेल, तर हे कोणी केलं ते शोधून कळव.

वहिनीचा खोकला कसा आहे?

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न.

शोधायला नको. त्या दिवशी ड्यूटीवर मीच होतो. वैमानिक हेलिकॉप्टरमध्ये बसून होता. पण सीमेपार उडायला आमच्या राजधानीची परवानगी लागते. जानेवारीत तुमच्या सरकारनं आमची विमानं तुमच्या धावपट्टीवर उतरू दिली नाहीत, तो राग तिथे निघाला. थांबा म्हणून निरोप आला. मी थांबलो. जखमींची नावं आम्हाला सांगत नाहीत. आपला टिल्लू आहे हे रात्री कळलं.

तू बोलशील ते मुकाट्यानं ऐकेन. फक्त त्याला सांगू नकोस.

खोकला आहे तसाच. जमेल तेवढा लोभ राहू दे.

तुझा भाऊ

२८ मार्च

भाऊस,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

नाव कळलं असतं तर उडवलं असतंस? मग ते दोघे कोणाचे भाचे नव्हते म्हणून मेले, असं समजू का? धावपट्टीच्या बाबतीत आमच्या शहाण्यांनीही अक्कल गहाण टाकली होती, कबूल. दोन सरकारं एकमेकांचं नाक कापायला निघाली आणि पाय माझ्या मुलाचा गेला.

मी त्याला सांगणार नाही. तू सांगायचंस. त्याची तुकडी पुन्हा त्याच चौकीवर चढते आहे, तुमच्याच भरवशावर. पोरं येऊन त्याला विचारतात, हाक मारली तर येतील का रे तुझ्या मामाची माणसं? तो भिंतीकडे वळतो.

तुकडी १५ एप्रिलला सकाळी आठला निघेल. त्याआधी तुझं उत्तर त्याच्या नावे, लेखी, तुझ्या सहीनिशी पोचलं पाहिजे. प्रयत्न करू, हे उत्तर चालणार नाही. येणार की नाही, एवढंच लिही.

ताई