सोंगाड्याची टोपी

इंदू, तुला ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा श्रुतिकाने दाराचं कुलूप काढलं आणि पहिली घुसली ती तिची मैत्रीण अपूर्वा, मागून आणखी तिघं. नातीच्या कॉलेजात जुनं विलायती नाटक बसवतायत, त्याची तालीम आमच्या अंधेरीच्या खोलीत! त्यातला सोंगाड्या राजाला सरळ काही बोलत नाही गं. भोळा होऊन नुसतं विचारत जातो आणि राजा आपल्याच उत्तरात अडकतो. हसून हसून माझी वाट लागली.

माझी काळजी करू नको. एकदा वर्सोव्याला मासे आणायला गेले नि रस्ता चुकले, तेव्हापासून लवू कामावर जाताना आईला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतो, एवढंच. पंखा आहे, टीव्ही आहे. तुझा गुडघा कसा आहे?

त्याच संध्याकाळी लवू आला तेव्हा सोंगाड्याची टोपी मीच घातली.

"महाराज, दाराला कुलूप कशाला?"

"चोर आत येऊ नये म्हणून," लवू हसत म्हणाला.

"आणि तुरुंगाला?"

"चोर बाहेर जाऊ नये म्हणून."

"मग महाराज, मी काय चोरलं?"

पोरं खदखदली. लवूही हसला, मग हातातल्या किल्लीकडे बघत राहिला.

मला किल्ली अजून दिली नाही त्याने. पण टोपी मीही परत केलेली नाही, आणि पोरं रविवारी पुन्हा येणार आहेत.

तुझीच,
ताई