घासाचा पुरावा

अस्मारा,
मस्कलचा सण सरल्यावर

प्रिय ओरेस्ते,

तुरुंगात पाणी भरणारा माझा मावसभाऊ हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याच्यावर डाफरू नकोस, बिचारा जीव मुठीत धरून येतो. माझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे. शिकवणारा आत जाऊन बसला, मी तरी काय करू? तुझा खोकला वाढलाय आणि परवा रक्त पडलं, असं तो म्हणाला. मला कळवू नकोस म्हणून तू त्याला दटावलंस म्हणे. शहाणाच आहेस!

इकडे ठीक म्हणायचं. तुझा ट्रक आता तुमच्यातलाच कुणी दुसरा गोरा चालवतो आणि चढावर गिअर असे खरवडतो की माझे दात शिवशिवतात. आई जेवत नाही. ताट समोर आलं की उठून जाते.

गेल्या वर्षीचा तो प्रोफेसर आठवतो? गावोगाव तूच फिरवलास त्याला. लोखंडी चिमट्यानं लोकांची डोकी मोजायचा, नाकं मोजायचा. आईच्या तोंडावर त्यानं ओलं प्लास्टर थापलं. ते निघाल्यावर ती म्हणाली, "मेल्याला सांग, मी अजून जिवंत आहे, आत्तापासून कसला मुखवटा काढतोस!" घरी आल्यावर तू दोन चमच्यांचा चिमटा करून माझं नाक मोजलंस. "बाईसाहेब, नाक राणीचं आहे, पण जीभ मोजायला चिमटा पुरत नाही!" हसून हसून पोट दुखलं माझं. ओरेस्ते, न्यायाधीशाच्या टेबलावर त्याच प्रोफेसरचं पुस्तक होतं. त्यातलंच वाचून दाखवलं त्यानं. कवटीच्या मापावरून म्हणे आम्ही जन्मभर पोरंच राहणार, आणि आमच्यात मन गुंतवणारा गोरा आपल्या अख्ख्या वंशाला कीड लावतो. ज्याला आपण येडपट म्हणत होतो, त्याच्या चिमट्याच्या जोरावर त्यांनी कायदा केला. मग काळे कोट घालून, गंभीर चेहरे करून तो आपल्याला वाचून दाखवला.

आईचा मात्र राग करू नकोस. तिला वाटलं, पोरीला फसवलं म्हणून तुझ्यावर खटला आहे. म्हणून ती छाती पुढे काढून बोलली. "साहेब, हा आमच्याबरोबर एका ताटात जेवतो. इंजेराच्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून स्वतःच्या हातानं माझ्या लेकीला भरवतो. मी तापानं पडले तेव्हा मलाही भरवलं. असा जावई शोधून सापडायचा नाही!" आमच्यात याहून मोठी साक्ष नाही. दुभाष्यानं सांगितलं आणि सरकारी वकिलाचा चेहरा असा खुलला की आईला वाटलं, जिंकलो. माझा हात दाबून हसली ती. मग न्यायाधीश म्हणाला, गोरा बाईकडे जातो ती देहाची गरज, त्याला शिक्षा नाही. पण घास भरवतो म्हणजे माया आहे, आणि माया हाच गुन्हा. दोन वर्षं. घरी येईपर्यंत आई विचारत होती, "मी काय वाईट बोलले गं?" काय सांगणार तिला, कपाळ?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते ऐक. सोमवारी वरच्या कोर्टात मला पुन्हा उभं करणार आहेत. तुझा वकील म्हणतो, सुटायची एकच वाट आहे. मी सांगणार आहे की तू यायचास, पैसे टाकायचास आणि जायचास. येणारे आणखीही होते. माझ्या हातचं तू कधी खाल्लं नाहीस, तुला किळस यायची. आई म्हातारी आहे, तिला भ्रम झालाय. सुटलास की तुला मसावाच्या बंदरातून पहिल्या बोटीनं परत धाडतील, आणि इथे मला लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. या छातीनं तू दोन वर्षं आत काढणार नाहीस. फक्त "खोटं आहे" म्हणून ओरडू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. मान खाली घालून बस. माझ्याकडे बघितलंस तर मला बोलता येणार नाही. आणि हा कागद कुणाला सापडला तर सगळंच मुसळ केरात. जाळायला तुला काडी मिळायची नाही, म्हणून नीट चावून गिळून टाक. माझ्या हातचा शेवटचा घास समज.

तुझीच.
नाव लिहीत नाही.